बटण दाबूनही जुनीच यादी: डेटाबेस क्वेरीचा निकाल ताजा होत नसेल तर

वर्कबेंचमध्ये (मायएसक्यूएलवर क्वेरी चालवायचे साधन) हाताने क्वेरी चालवली की नवी नोंद दिसते. तीच क्वेरी प्रोग्राममधून चालवली की जुनीच यादी येते. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की सगळे ठीक, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. छोट्या व्यवसायांसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर सांभाळताना ही तक्रार माझ्याकडे सतत येते. ती इतक्या वेळा सोडवून झाली आहे की तपासणीचा एक क्रमच ठरून गेला आहे. तोच इथे देते. उदाहरणे बहुतेक पायथन, एसक्यूएलअल्केमी आणि मायएसक्यूएलची आहेत, कारण या तिघांच्या जोडीत हा दोष सर्वात जास्त दिसतो. डॉटनेट, जँगो, ॲक्सेस किंवा पोस्टग्रेस जिथे वेगळे वागतात तिथे तसे सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. डेटाबेसमधली नोंद पडद्यावर येईपर्यंत अनेक ठिकाणांहून जाते: सर्व्हर, चालू ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांचा गट), ओआरएमची (डेटाबेसच्या ओळींचे प्रोग्राममधले ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी, जसे एसक्यूएलअल्केमी) मेमरी, मधला कॅशे (पुन्हा वापरायला साठवलेली उत्तरे), आणि शेवटी पडद्यावरचा तक्ता. यातले प्रत्येक ठिकाण स्वतःजवळ जुनी प्रत धरून ठेवू शकते, आणि प्रत्येकाची रीफ्रेश करण्याची रीत वेगळी आहे. जुनी प्रत एका ठिकाणी आणि तुमचा रीफ्रेश दुसऱ्या ठिकाणी, असे झाले की कितीही वेळा बटण दाबा, फरक पडत नाही. म्हणून आधी ठिकाण शोधायचे, कोडला हात नंतर.

लक्षणे नीट बघा, अर्धे उत्तर तिथेच असते

"जुना डेटा येतो" एवढ्यावर थांबू नका. नेमके काय जुने येते ते लिहून काढा.

नव्या ओळी दिसतात, पण आधीच्या ओळीत झालेला बदल दिसत नाही: संशय ओआरएमच्या मेमरीवर.

बदल दिसतात, पण नव्या ओळी येत नाहीत आणि पुसलेल्या ओळी जात नाहीत: ॲक्सेसचा फॉर्म किंवा जुन्या एडीओचा (मायक्रोसॉफ्टची डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) रेकॉर्डसेट असेल तर चुकीची रीफ्रेश आज्ञा वापरली आहे.

नव्या ओळीही नाहीत आणि बदलही नाहीत, पण प्रोग्राम पुन्हा सुरू केला की दोन्ही दिसतात: उघडी राहिलेली ट्रान्झॅक्शन. मायएसक्यूएलवर हे सर्वात जास्त आढळणारे कारण.

एकदा नवे, एकदा जुने, पुन्हा नवे: सर्व्हरवर प्रोग्रामच्या अनेक प्रती चालू आहेत आणि प्रत्येकीजवळ स्वतःचा कॅशे किंवा स्वतःचे कनेक्शन आहे. तुमची विनंती कोणत्या प्रतीकडे जाईल त्यावर उत्तर ठरते.

काही सेकंदांनी आपोआप ठीक होते: रेप्लिका (मुख्य सर्व्हरवरून भरली जाणारी दुसरी प्रत) मागे आहे, किंवा कॅशेची मुदत संपण्याची वाट बघावी लागते आहे.

फक्त "आजच्या" नोंदींची यादी चुकते, बाकी सगळे बरोबर: तारखेचा घोळ. यात रीफ्रेशचा काहीच संबंध नाही.

१. बटण नेमके काय करते ते वाचा

याला पैसा लागत नाही आणि दोन मिनिटांत होते, म्हणून हे पहिले. "रीफ्रेश" नावाच्या बऱ्याच आज्ञा डेटाबेसकडे जातच नाहीत.

डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये डेटाग्रिडव्ह्यूची रीफ्रेश मेथड तक्ता फक्त पुन्हा रंगवते. त्यामागचा डेटाटेबल हा सर्व्हरपासून तुटलेला, मेमरीतला साठा असतो. तो ताजा करायचा तर ॲडॅप्टरची फिल मेथड पुन्हा चालवावी लागते, आणि त्याआधी टेबल क्लिअर करावे लागते. क्लिअर केले नाही तर सर्व्हरवर पुसलेल्या ओळी तशाच राहतात, आणि टेबलला प्रायमरी की नसेल तर प्रत्येक ओळ दोनदा दिसू लागते. व्हिज्युअल स्टुडिओने बनवून दिलेला टेबलॲडॅप्टर हे क्लिअर करणे स्वतःच करतो. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये मात्र ते राहून जाते.

ॲक्सेसमध्ये फॉर्मला रीफ्रेश आणि रीक्वेरी अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. रीफ्रेश हातात असलेल्याच ओळींची मूल्ये नव्याने आणते. नव्या ओळी हव्या असतील तर रीक्वेरीच लागते. जुन्या एडीओत रीसिंक आणि रीक्वेरी यांचे नाते अगदी हेच. क्यूटी वापरत असाल तर क्यूएसक्यूएलटेबलमॉडेलवर सिलेक्ट पुन्हा बोलवावे लागते. ते मॉडेल सर्व्हरवर लक्ष ठेवून बसलेले नसते.

जँगोत क्वेरीसेट एकदा वाचला की त्याचा निकाल त्याच ऑब्जेक्टमध्ये साठतो. त्याच व्हेरिएबलवरून पुन्हा लूप चालवला तर क्वेरी जात नाही. त्यावर ऑल बोलावून नवा क्वेरीसेट घ्या. एकाच नोंदीसाठी रिफ्रेश_फ्रॉम_डीबी आहे. फॉर्मच्या ड्रॉपडाउनमधले पर्याय फाइलच्या वरच्या भागात, क्लास लिहितानाच क्वेरी करून भरले असतील, तर ते सर्व्हर सुरू होताना एकदाच भरले जातात. "नवीन ग्राहक टाकला, पण यादीत येत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

२. दोघे एकाच डेटाबेसकडे बघत आहेत का?

हे विचारायला लोकांना संकोच वाटतो. तरी विचाराच. चाचणीचा आणि खरा असे दोन सर्व्हर असणे, कॉन्फिग फाइल बदलूनही जुनी एन्व्हायर्नमेंट सेटिंग लागू राहणे, पोस्टग्रेसमध्ये त्याच नावाचे टेबल दोन स्कीमांत असणे, हे सगळे नेहमीचे आहे.

अंदाज करत बसू नका, कनेक्शनलाच विचारा. मायएसक्यूएलमध्ये प्रोग्रामच्या त्याच कनेक्शनवरून होस्टनेम, पोर्ट, डेटाबेसचे नाव आणि कनेक्शन आयडी सिलेक्ट करून लॉगमध्ये छापा. पोस्टग्रेसमध्ये करंट_डेटाबेस, सर्व्हरचा पत्ता आणि सर्च_पाथ छापा. मग वर्कबेंचमधून तेच विचारा आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवा. फरक असेल तर तो लगेच दिसतो.

एसक्यूलाइटमध्ये हा घोळ जास्त होतो. फाइलचा मार्ग सापेक्ष दिला असेल तर प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू होतो तिथली फाइल उघडते, आणि तिथे फाइल नसेल तर रिकामी नवी तयार होते, कोणतीही चूक न दाखवता. पूर्ण मार्ग द्या. व्हिज्युअल स्टुडिओत डेटाबेस फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवली असेल आणि तिच्यावर "नेहमी कॉपी करा" हे सेटिंग असेल, तर प्रत्येक बिल्डला आउटपुट फोल्डरमधल्या फाइलवर कोरी प्रत येऊन बसते. काल टाकलेल्या नोंदी आज "गायब" होतात त्या अशा.

३. लिहिणाऱ्याने कमिट केले आहे का?

वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये दोष शोधण्याआधी लिहिणाऱ्याकडे बघा. कमिट न झालेला, म्हणजे पक्का न केलेला, बदल लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या खिडकीत दिसतो, इतरांना दिसत नाही. डेटाबेसने तसेच वागायला हवे.

गोंधळ होतो तो प्रत्येक साधनाची सवय वेगळी असल्यामुळे. मायएसक्यूएलची कमांड लाइन प्रत्येक आज्ञा आपोआप कमिट करते. जेडीबीसीचे नवे कनेक्शनही तसेच. ओरॅकलची एसक्यूएल प्लस आणि एसक्यूएल डेव्हलपर कमिट सांगितल्याशिवाय करत नाहीत. पायथनच्या डेटाबेस ड्रायव्हरांसाठी ठरलेला नियम, पेप २४९, सांगतो की ऑटोकमिट सुरुवातीला बंदच असावे. डीबीव्हरमध्ये वरच्या पट्टीत ऑटो आणि मॅन्युअल असा बदल करता येतो आणि तो नकळतही होऊ शकतो.

ज्याने नोंद टाकली त्याला कमिट करायला सांगा आणि पुन्हा बघा. इथेच सुटले तर पुढचे काही वाचायची गरज नाही.

४. क्वेरीत जाणारी मूल्ये जुनी नाहीत ना?

क्वेरी ताजी असते, तिला दिलेली तारीख शिळी असते. "आज" ही तारीख प्रोग्राम सुरू होताना एकदा काढून ठेवली आणि प्रोग्राम आठवडाभर चालू राहिला, तर तो आठवडाभर सोमवारच्याच पावत्या दाखवतो. पायथनमध्ये फंक्शनच्या डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये आजची तारीख लिहिली की नेमके हेच होते, कारण डिफॉल्टचे मूल्य फंक्शन तयार होताना एकदाच काढले जाते.

दुसरा प्रकार टाइमझोनचा. क्लाउडवरचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळातल्या नोंदी सर्व्हरच्या हिशेबात कालच्या तारखेत पडतात. दिवसा काम करणाऱ्या दुकानाला हे वर्षभर कळत नाही. पहाटे लिलाव करणाऱ्या भाजीच्या आडत्याला पहिल्याच दिवशी कळते: पावती फाडली, आणि आजच्या यादीत नाही.

पोस्टग्रेसमधली एक बारीक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. तिथे नाऊ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते, घड्याळाची नाही. तासभर उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये "ज्यांची वेळ झाली आहे ती कामे द्या" असे विचारले तर नाऊ तासापूर्वीच अडकलेले असते आणि नवी कामे कधीच मिळत नाहीत. खरी वेळ हवी असेल तर क्लॉक_टाइमस्टॅम्प वापरा. मायएसक्यूएलमध्ये नाऊ ती आज्ञा सुरू झाल्याची वेळ देते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

५. क्वेरी सर्व्हरपर्यंत जाते का?

इथपर्यंत काही सापडले नाही तर आता लॉग उघडायचे. पुढच्या सगळ्या तपासाची दिशा या एका उत्तरावर ठरते, म्हणून ही पायरी गाळू नका. बटण दाबल्यावर क्वेरी जातच नसेल तर दोष तुमच्या प्रोग्राममध्ये किंवा मधल्या कॅशेत आहे. क्वेरी जाते आणि तरीही जुने येते, तर दोष ट्रान्झॅक्शनमध्ये, ओआरएममध्ये किंवा रेप्लिकेत आहे.

एसक्यूएलअल्केमीत इंजिन बनवताना एको ट्रू करा, प्रत्येक क्वेरी छापली जाते. जँगोत डीबग चालू असताना कनेक्शन.क्वेरीज बघा. कोडला हात लावता येत नसेल तर मायएसक्यूएलचा जनरल लॉग थोडा वेळ चालू करा. त्याला अधिकार लागतात, आणि काम झाल्यावर तो आठवणीने बंद करा, कारण त्यात प्रत्येक आज्ञा लिहिली जाते आणि गर्दीच्या सर्व्हरवर तो डिस्क भरून टाकतो.

क्वेरी जात नसेल तर शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. पायथनमध्ये एलआरयू_कॅशे लावलेले फंक्शन. रेडिसमध्ये (मेमरीत साठवणारा कॅशे सर्व्हर) मुदत न देता ठेवलेली की. ब्राउझरने साठवलेले उत्तर, जे डेव्हलपर टूल्समध्ये कॅशे बंद करून तपासता येते. एलआरयू_कॅशेला वेळेची मुदत नसते आणि तो प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळा असतो. "एकदा नवे, एकदा जुने" या लक्षणामागे तोच आहे असे मला वारंवार आढळले आहे.

इथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. "मायएसक्यूएलचा क्वेरी कॅशे जुने देतो" असे अजूनही ठामपणे सांगितले जाते आणि त्यावर उपाय म्हणून क्वेरीत वाट्टेल ते शब्द घातले जातात. तो कॅशे ८.० आवृत्तीत काढूनच टाकला आहे. जेव्हा होता तेव्हाही टेबल बदलले की त्या टेबलचे साठवलेले निकाल रद्द होत असत. त्याच्यामागे वेळ घालवू नका. ८.० मध्ये एक गोष्ट मात्र खरोखर जुनी असते: इन्फर्मेशन_स्कीमातून टेबलच्या ओळींची संख्या किंवा पुढचा ऑटो इन्क्रिमेंट आकडा विचारला, तर ती माहिती ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण २४ तास, साठवलेली असू शकते. शिवाय इनोडीबीसाठी (मायएसक्यूएलचे नेहमीचे स्टोरेज इंजिन) तिथली ओळींची संख्या हा अंदाजच असतो. खरी संख्या हवी तर टेबलवर काउंट करा.

६. उघडी ट्रान्झॅक्शन: बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो

क्वेरी सर्व्हरवर जाते, सर्व्हर उत्तर देतो, आणि उत्तर जुने असते. नवखा माणूस इथे चक्रावतो, कारण सर्व्हर खोटे बोलतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात सर्व्हर दिलेला शब्द पाळत असतो.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीची ठरलेली आयसोलेशन पातळी (दुसऱ्यांचे बदल ट्रान्झॅक्शनला किती दिसावेत ते ठरवणारी) रिपीटेबल रीड आहे. तिचा अर्थ असा: ट्रान्झॅक्शनमधल्या पहिल्या साध्या सिलेक्टला डेटाबेसची जी स्थिती होती, ती ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत तुम्हाला दिसत राहील. मध्ये दुसऱ्यांनी कितीही नोंदी टाकून कमिट केल्या तरी तुमच्या सिलेक्टला त्या दिसणार नाहीत. हिशेबाचा अहवाल काढताना हे वरदान आहे, कारण अहवालाची पहिली आणि शेवटची बेरीज एकाच क्षणाची असते. दर पाच सेकंदांनी "नवी ऑर्डर आली का" असे विचारणाऱ्या प्रोग्रामसाठी मात्र हेच घातक ठरते.

पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांची ठरलेली पातळी रीड कमिटेड आहे. तिथे प्रत्येक क्वेरी त्या वेळी कमिट झालेला डेटा बघते. म्हणून पोस्टग्रेसवर वर्षानुवर्षे नीट चाललेला कोड मायएसक्यूएलवर नेला की अडतो. जँगोने २.० पासून मायएसक्यूएलसाठीही रीड कमिटेड हीच पातळी ठरवली आहे, त्यामुळे जँगोत हे क्वचित दिसते.

आता यात पायथनच्या ड्रायव्हरची ऑटोकमिट बंद असण्याची सवय मिसळा. पहिला सिलेक्ट गेला की ट्रान्झॅक्शन आपोआप उघडते. प्रोग्राम फक्त वाचतो, काहीच लिहीत नाही, म्हणून कोड लिहिणाऱ्याने कमिट टाकलेले नसते. "नुसते वाचायचे आहे, कमिट कशाला?" हा विचारच या दोषाचे मूळ आहे. रिपीटेबल रीडमध्ये वाचणाऱ्यालाही ट्रान्झॅक्शन संपवावी लागते.

स्वतःची खात्री करून घ्यायची असेल तर वर्कबेंच किंवा कमांड लाइनच्या दोन खिडक्या उघडा. पहिलीत स्टार्ट ट्रान्झॅक्शन द्या आणि टेबलवर एक सिलेक्ट करा. सिलेक्ट करायलाच हवा, कारण डेटाबेसची स्थिती साध्या स्टार्ट ट्रान्झॅक्शनला नाही, पहिल्या सिलेक्टला पक्की होते. दुसऱ्या खिडकीत त्या टेबलातली एक ओळ बदला आणि कमिट करा. पहिलीत पुन्हा सिलेक्ट करा: जुनेच मूल्य. पहिलीत कमिट द्या, पुन्हा सिलेक्ट करा: नवे मूल्य. टीममधल्या कोणाला हे पटत नसेल तर चर्चेत वेळ घालवू नका, हा प्रयोग समोर करून दाखवा.

प्रोग्रामच्या कनेक्शनवरून ऑटोकमिट आणि ट्रान्झॅक्शन_आयसोलेशन ही दोन सिस्टीम व्हेरिएबल्स छापा. पहिले शून्य आणि दुसरे रिपीटेबल रीड असेल तर कारण जवळपास सापडले. सर्व्हरच्या बाजूने इन्फर्मेशन_स्कीमातले इनोडीबी_टीआरएक्स हे टेबल बघा. त्यात सकाळी ९ वाजता सुरू झालेली ट्रान्झॅक्शन दुपारी ३ वाजताही उभी दिसली आणि ती तुमच्याच प्रोग्रामची निघाली, तर आणखी पुरावा लागत नाही.

उपाय तीन आहेत आणि मी ते याच क्रमाने सुचवते. पहिला: वाचनाच्या प्रत्येक फेरीनंतर कमिट किंवा रोलबॅक करा, म्हणजे लूपची फेरी आणि ट्रान्झॅक्शन बरोबरच संपतील. दुसरा: नुसते वाचणाऱ्या कनेक्शनवर ऑटोकमिट चालू करा. तिसरा: त्या प्रोग्रामच्या इंजिनपुरती पातळी रीड कमिटेड करा. पूर्ण सर्व्हरची पातळी मात्र स्वतःहून बदलू नका. त्याच सर्व्हरवरचा दुसरा कोणता अहवाल रिपीटेबल रीडवर विसंबून असेल ते तुम्हाला माहीत नसते.

काही जण सिलेक्टला फॉर अपडेट जोडतात आणि ताजे मूल्य आले म्हणून खूश होतात. ते येते खरे, कारण लॉक घेणारे वाचन नेहमी ताज्या स्थितीवरच होते. निदानासाठी एकदा करून बघायला हरकत नाही. रोजच्या वाचनासाठी ते वापरले तर विनाकारण ओळी लॉक होतात आणि बिल करणाऱ्या काउंटरवरची माणसे खोळंबतात.

७. ओआरएमची मेमरी

आता गुंतागुंत वाढते, कारण हा थर सहाव्याच्या वर बसतो आणि दोघे एकमेकांना झाकतात.

एसक्यूएलअल्केमीचे सेशन प्रत्येक ओळीसाठी एकच ऑब्जेक्ट ठेवते. त्याला आयडेंटिटी मॅप म्हणतात. क्वेरी पुन्हा चालवली की एसक्यूएल खरोखर जाते आणि ओळी परत येतात. पण ज्या ओळीचे ऑब्जेक्ट आधीच भरलेले आहे त्यातली मूल्ये सेशन बदलत नाही. लॉगमध्ये क्वेरी दिसते, सर्व्हर नवे मूल्य देतो, आणि तुमच्या हातातले ऑब्जेक्ट जुनेच राहते. नव्या ओळींचे ऑब्जेक्ट आधी नसल्यामुळे त्या बरोबर दिसतात. वरच्या पहिल्या लक्षणाचे कारण हेच. एंटिटी फ्रेमवर्कचा डीबीकाँटेक्स्ट आणि हायबरनेटचे सेशन यांची रीतही अशीच आहे.

पडताळणी सोपी आहे: पूर्ण ऑब्जेक्ट न मागता फक्त तो एक कॉलम मागा. कॉलम नवा आणि ऑब्जेक्ट जुने, तर दोष ओआरएमच्या मेमरीत. दोन्ही जुने, तर मागे सहाव्या तपासणीवर जा.

बरेच जण नेमके इथे अडकतात. इंटरनेटवर वाचून ते सेशन.रिफ्रेश किंवा एक्स्पायर_ऑल घालतात, फरक पडत नाही, आणि "एसक्यूएलअल्केमीत बग आहे" असा निष्कर्ष काढतात. रिफ्रेश नवी क्वेरी पाठवते हे खरे, पण ती त्याच उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये जाते. रिपीटेबल रीडमध्ये तिला जुनेच उत्तर मिळते. उलट सेशन.कमिट किंवा सेशन.रोलबॅक दोन्ही कामे एका वेळी करतात: ट्रान्झॅक्शन संपवतात आणि सेशनमधली ऑब्जेक्ट शिळी ठरवतात. पुढच्या वापराला मूल्ये नव्याने येतात.

याला एक अपवाद आहे, आणि असिंक कोडमध्ये तो हमखास भेटतो. सेशन बनवताना एक्स्पायर_ऑन_कमिट फॉल्स केले असेल तर कमिटने ट्रान्झॅक्शन संपते, ऑब्जेक्ट मात्र तसेच राहते. मग क्वेरीला पॉप्युलेट_एक्झिस्टिंग हा पर्याय द्या, किंवा कमिटनंतर रिफ्रेश करा. आता रिफ्रेश काम करेल, कारण ट्रान्झॅक्शन नवी आहे.

"कधी ताजे येते, कधी नाही, काही पॅटर्नच नाही" असेही ऐकू येते. पॅटर्न असतो. आयडेंटिटी मॅप ऑब्जेक्टला घट्ट धरून ठेवत नाही. तुमच्या कोडमधले कोणतेच व्हेरिएबल त्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवत नसेल तर ते मेमरीतून निघून जाते आणि पुढची क्वेरी नवे ऑब्जेक्ट बनवते. एखाद्या यादीत ते साठवलेले असेल तर जुने राहते.

वेबसाइटमध्ये प्रत्येक विनंतीला नवे सेशन असेल तर हा त्रास सहसा होत नाही. तो होतो डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये, मागे सतत चालणाऱ्या वर्करमध्ये आणि ज्युपिटर नोटबुकमध्ये, जिथे सकाळी उघडलेले एकच सेशन दिवसभर वापरले जाते. माझे स्पष्ट मत आहे: सेशन छोटे ठेवा, एका कामाला एक. रिफ्रेशच्या आज्ञा कोडभर पेरून ठेवल्याने दोष झाकला जातो, आणि पुढच्या माणसाला त्या का आहेत तेही कळत नाही.

८. रेप्लिका आणि मटेरियलाइज्ड व्ह्यू

लिहिणे मुख्य सर्व्हरवर आणि वाचणे रेप्लिकेवरून, अशी रचना असेल तर थोडा उशीर गृहीतच धरायचा, कारण मायएसक्यूएलचे रेप्लिकेशन मुळात असिंक्रोनस आहे, म्हणजे मुख्य सर्व्हर रेप्लिकेची वाट बघत नाही. रेप्लिकेवर शो रेप्लिका स्टेटस चालवून ती किती सेकंद मागे आहे ते बघा. नोंद जतन केल्यावर लगेच तीच दाखवायची असेल तर तेवढे वाचन मुख्य सर्व्हरवरून करा. कोडमध्ये दोन सेकंद थांबण्याची आज्ञा घालू नका. गर्दीच्या दिवशी उशीर दोन सेकंदांहून जास्त असतो.

पोस्टग्रेसचा मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचा निकाल साठवून ठेवणारा व्ह्यू) स्वतःहून ताजा होत नाही. रिफ्रेश मटेरियलाइज्ड व्ह्यू ही आज्ञा कोणीतरी द्यावी लागते, आणि साधी आज्ञा चालू असताना त्या व्ह्यूवरून वाचणारे थांबून राहतात. ९.४ पासून कन्करंटली हा पर्याय आहे, पण त्यासाठी व्ह्यूवर युनिक इंडेक्स लागतो. अहवाल ठरावीक तारखेपर्यंतच अडकलेला दिसला तर तो ज्या वेळापत्रकावर ताजा होतो ते काम बंद पडले आहे का ते बघा.

इथे थांबा आणि डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्या तज्ज्ञाला) बोलवा

पुढीलपैकी काहीही दिसले तर स्वतः हात घालू नका.

रेप्लिका मागे पडण्याचे सेकंद कमी न होता वाढत चालले आहेत, किंवा रेप्लिकेशन चूक दाखवून थांबले आहे. चूक वगळून पुढे जाण्याची आज्ञा इंटरनेटवर सहज मिळते, पण तिने दोन्ही सर्व्हरांतला डेटा कायमचा वेगळा होऊ शकतो.

तासन्‌तास उघडी असलेली ट्रान्झॅक्शन सापडली, पण ती कोणाची ते कळत नाही. किल केले की तिने केलेले सगळे बदल मागे घेतले जातात. मोठी असेल तर त्याला बराच वेळ लागतो, आणि घाबरून मध्येच सर्व्हर रीस्टार्ट केला तरी इनोडीबी ते काम सुरू झाल्यावर पुढे चालू ठेवतो.

उघड्या ट्रान्झॅक्शनमुळे जुन्या ओळींच्या आवृत्त्या साफ होत नाहीत, अनडूचा साठा फुगत जातो आणि डिस्क भरत आली आहे. पोस्टग्रेसमध्ये याचे रूप म्हणजे आयडल इन ट्रान्झॅक्शन स्थितीतली जुनी कनेक्शने आणि व्हॅक्यूम (मेलेल्या ओळींची साफसफाई) चालूनही न घटणारी मेलेल्या ओळींची संख्या.

कमिट झालेली नोंद रीस्टार्टनंतर दिसेनाशी झाली. हा ताजेपणाचा प्रश्न नाही, डेटा गमावण्याचा आहे. लिहिणे ताबडतोब थांबवा आणि डेटाच्या फाइलींना हात लावू नका.

जुन्या शिल्लकेवर विसंबून पैसे दोनदा गेले किंवा माल दोनदा सुटला. तेव्हा वाचन ताजे करून भागत नाही. लॉक आणि ट्रान्झॅक्शनची मांडणी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते.

डीबीएला फोन करण्याआधी एवढे हाताशी ठेवा: दोष दिसला त्याची तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत, टाइमझोनसह, प्रोग्रामने पाठवलेली क्वेरी लॉगमधून जशीच्या तशी, त्या कनेक्शनचा आयडी, होस्टनेम, ऑटोकमिट आणि आयसोलेशन पातळी, त्याच मिनिटाला वर्कबेंचमधून आलेले उत्तर, आणि प्रोग्राम रीस्टार्ट करण्याआधीची इनोडीबी_टीआरएक्सची नोंद. रीस्टार्ट केल्यावर ती नोंद पुसली जाते, म्हणून ती सर्वात आधी उतरवून घ्या.